दोन सारख्या तंबोऱ्यांतून एक निवडण्याची शास्त्रोक्त पद्धत

ज्या घरात गाणारा एक आणि खरेदी करणारा भलताच, अशा घरांसाठी हे मार्गदर्शन आहे. सिल्लोड तालुक्यात अशी घरं बरीच सापडतील. मिरची, मका आणि कापसाच्या व्यवहारात आमच्या पिढ्या गेल्या. त्यामुळं कुठलाही माल आधी पाहायचा, मग दाबायचा, मग वाजवायचा आणि शेवटी नावं ठेवून घ्यायचा, ही आमच्याकडची रीत. तंबोऱ्याला ती रीत लावली तर काय होतं, याचा विचार संगीतावर लिहिणाऱ्या थोरामोठ्यांनी केलेला दिसत नाही. ती उणीव इथं भरून काढत आहोत.

पहिली गरज जाणकाराची. तंबोरा घ्यायला एकट्यानं जाऊ नये. जाणकाराला गाता येण्याची आवश्यकता नाही. येत असेल तर तो बाद धरावा, कारण मग तो ऐकत बसतो आणि भाव कुणी करत नाही. त्यानं पूर्वी बैलजोडी, पाण्यातली मोटार किंवा जुनी जीप यांपैकी काहीतरी दुसऱ्याला निवडून दिलेलं असावं. आमच्या घरी हे पद दाजींकडं आहे. दाजी म्हणजे ताईचे यजमान, आणि दाजींना चूक म्हणायचं नसतं हा नियम खालच्या सगळ्या नियमांच्या वरचा समजावा. गाते ताई. तंबोरा ताईला हवा होता. त्यामुळं साहजिकच दुकानात पुढं दाजी, मधे मी आणि चपलांच्या ढिगाशी ताई, असा आमचा क्रम लागला.

दुकान मिरजेचंच हवं. सिल्लोडहून मिरज पाचशेवर किलोमीटर पडतं. एवढ्या लांब कशाला, असं विचारणाऱ्याला दाजी म्हणतात, "माल शिवारात जाऊनच घ्यावा." या एका बाबतीत ते शंभर टक्के बरोबर आहेत. मिरजेत हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी होती. एकोणिसाव्या शतकात तलवारी म्यानात गेल्या, धारेचं काम आटलं आणि फरीदसाहेब शिकलगारांच्या पिढीनं तोच कसबी हात तंतुवाद्यांकडं वळवला. पुढं काही घरांचं आडनावच सतारमेकर झालं, गल्लीलाही तेच नाव पडलं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले. 1937 साली ते गेले, त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि उरुसाला तिथं आजही गवई हजेरी लावतात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. ही शेवटची बातमी जाणकाराला प्रवासात सांगू नये. सांगितल्यास तो दुकानात भोपळा उलटा करून सरकारी शिक्का शोधतो.

आता खरेदी. कारागीर प्रथम एकच प्रश्न विचारतो: "सूर कोणता?" इथं जाणकारानं गप्प बसायचं असतं. तंबोरा गाणाऱ्याच्या सुराप्रमाणं बनतो. पुरुषांचा सूर साधारण पांढरी एकच्या आसपास, तिथं मोठा भोपळा आणि लांब दांडी लागते. उभा केला तर तंबोरा पाच फुटांच्या घरात जातो. बायकांचा सूर पांढरी पाच, काळी चार असा वर, म्हणून तंबोरा आटोपशीर. चुकीच्या मापाच्या तंबोऱ्यावर तारा ओढून सूर आणता येतो, पण तारा एक तर ढिल्या लोंबतात, नाही तर तुटेपर्यंत ताणतात. दाजींनी या प्रश्नाचं उत्तर दिलं, "मोठ्यातला दाखवा." मागून ताई "काळी चार" एवढंच म्हणाली. कारागिरानं तिच्याकडं पाहिलं आणि आतून दोन तंबोरे आणले.

दोन्ही सारखे. तीच तुनाच्या लाकडाची दांडी, तेच लाखेचं तांबूस पॉलिश, गळ्याशी तीच वेलबुट्टी. किमतीतही फरक नाही. शास्त्र सुरू होतं ते इथून.

भोपळ्यावर ठोका मारणं ही जाणकाराची पहिली क्रिया. दाजींनी कलिंगड पाहावं तसा बोटाच्या पेरानं आधी एक भोपळा वाजवला, मग दुसरा, आणि "हा भरीव वाटतो" असा निकाल दिला. भरीव भोपळ्याचा तंबोरा होत नाही, हे सांगायची कुणाची प्राज्ञा नव्हती. वास्तविक भोपळ्याबद्दल पाहण्यासारखं पुष्कळ असतं. हा खायचा भोपळा नव्हे, कडू. पंढरपूर-मंगळवेढ्याकडं, भीमेच्या काठच्या रानात तो मुद्दाम वाद्यांसाठी वाढवतात. रानात तो जसा टेकून वाढेल तसा त्याचा आकार. नंतर महिनोन् महिने वाळवायचा, कापायचा, भिजवून आकाराला आणायचा. म्हणजे कुठलेही दोन भोपळे जन्मानं सारखे नसतात. सारखेपणा कारागिराच्या डोळ्यानं जुळवलेला असतो. आपण पाहायचं ते एवढंच की पॉलिशखाली भेग बुजवलेली आहे का. बोटं फिरवली की लुकणाचा उंचवटा लागतो. ठोक्यानं कळत नाही. ठोका मारणाऱ्यालाही ते माहीत असतं, पण ठोका मारल्याशिवाय तो जाणकार दिसत नाही.

दांडी एक डोळा मिटून पाहावी. खुंट्यांकडून, तारा टेकतात त्या घोडीकडं नजर टाकली की वाक कळतो. वाकलेली दांडी घेऊ नये. बस.

तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी फळीवर, घोडी टेकते त्या जागी खळगा पडलेला नसावा. तबली किंचित फुगीरच असते. खुंटी पिळून सोडावी, ती जागेवर राहिली पाहिजे. सरकत असेल तर कारागीर तिला खडू लावून देईल, आणि सिल्लोडच्या उन्हाळ्यात तो खडू पुन्हा पुन्हा लावावा लागेल. इकडच्या कोरड्या तापात लाकूड आकसतं, खुंट्या सुटतात, पावसाळ्यात त्याच खुंट्या फुगून हलेनाशा होतात. तंबोरा भिंतीशी उभा ठेवायचा असेल तर ती भिंत पश्चिमेची नसावी, आणि कुलरच्या तोंडाशी तर तो कदापि ठेवू नये. आमच्या घरी तीच जागा मोकळी होती.

आता जवारी. तंबोऱ्याचा तो झंकार, मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा, येतो घोडीमुळं. घोडीचा माथा पसरट आणि अगदी नकळत उतरता असतो. तार त्याला एका जागी न टेकता निसटती स्पर्शत थरथरते. तार आणि घोडी यांच्यामधे सुताचा दोरा सरकवलेला असतो. तो केसभर मागंपुढं केला की आवाज उघडतो किंवा मिटतो. कारागीर कानशीनं घोडी घासून जवारी काढतो तेव्हा त्याचा हात पाहावा: दोनदा घासायचं, तार चढवायची, कान लावायचा, पुन्हा तार उतरवायची. घाई नाही, बोलणं नाही. मी तेवढा वेळ दाजींनासुद्धा गप्प बसलेलं पाहिलं आहे.

पण निवड करताना जवारीला भुलू नये. जवारी वापरानं झिजते आणि पुन्हा काढून मिळते. भोपळा, तबली आणि दांडी मात्र जन्माची. म्हणून दोन्ही तंबोऱ्यांचे दोरे काढून घ्यावेत, दोन्ही एकाच सुरात लावावेत, जुन्या-नव्या तारांचा फरक नको. मग पाठ फिरवून बसावं आणि दुसऱ्याला एकेक तार छेडायला सांगावी. आवाज किती वेळ टिकतो, खर्जाची तार मुकी पडते का, जोडीच्या दोन तारांमधे भोपळा एकीला जास्त साथ देतो का, हे तेव्हा कळतं. पाठ का फिरवायची? वेलबुट्टी कानाला लागू नये म्हणून. दाजींनी या परीक्षेला नकार दिला. "पाठ फिरवल्यावर माल बदलतात," हा त्यांचा बाजारातला अनुभव आहे.

यानंतर येतो गंधार. पंचम, जोड आणि खर्ज चांगले मिळाले की खर्जाच्या तारेतून, कुणीही न छेडलेला गंधार आपोआप उमटतो. याला स्वयंभू गंधार म्हणतात. यात चमत्कार नाही. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट कंपनांचा अंश तिच्यातच असतो, आणि जवारी त्याला वर काढते. चमत्कार पुढं असतो. कारागीर विचारतो, "गंधार येतोय ना?" आणि दुकानातली सगळी माणसं माना डोलावतात. नाही म्हणणारा अजून जन्माला यायचा आहे. दाजी म्हणाले, "लई गंधार आहे." कुठल्या तंबोऱ्यात, हे त्यांनी सांगितलं नाही. ज्याला ऐकू येत नसेल त्यानं खर्ज छेडून बारकाईनं, तार विझत जाताना ऐकावं. एकदा सापडला की पुढं टाळू म्हटलं तरी टळत नाही. मला सापडला तो दाजींचं भाषण चालू असताना, आणि तेव्हापासून भाषणाकडं माझं लक्ष राहिलं नाही.

एवढं करूनही निवड होत नाही. अशा वेळी फोन करावा. भाचा, म्हणजे ताईचा मुलगा, संभाजीनगरला शिकायला असतो आणि विजेवरची गिटार वाजवतो, तीही पोकळ अंगाची. दोन हुबेहूब गिटारींपैकी कोणती घ्यावी यावर त्यानं एवढा काळ घालवला की त्यात एक पीक निघालं असतं. जाणकारी रक्तात उतरते, हे त्यावरून सिद्ध होतं. फोनवर तो म्हणाला, "बाबा, सप्ताहाच्या मांडवात वाजवणार असाल तर आवाजाच्या पेट्यांपासून लांब बसवा, नाहीतर शिट्टी मारेल." पोरगं बरोबर बोललं. पोकळ अंगाचं वाद्य माइकसमोर ठेवलं की कर्ण्यातून आलेला आवाज त्याच्या पोटात शिरून पुन्हा माइकमधे जातो आणि मांडव किंचाळतो. गिटारवाल्यांनी यावर तोडगा काढला. गिब्सन कंपनीनं 1958 साली ईएस-335 नावाची गिटार आणली, तिच्या पोकळ अंगात मधोमध लाकडाचा अखंड ठोकळा बसवला. दाजींनी लगेच कारागिराला विचारलं, भोपळ्यात असा ठोकळा बसेल का? कारागिरानं चहा मागवला.

याच भाच्यानं असंही सुचवलं होतं की फोनमधेच तंबोरा मिळतो, मिरजेला जाता कशाला. यात नवं काही नाही. बंगळूरच्या राज नारायण यांनी 1979 सालीच इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला आणि आज बहुतेक गाणाऱ्यांच्या पिशवीत तसलं काहीतरी असतं. रियाजाला ते उत्तम, प्रवासात तर वरदान. पण ते मांडीशी लागत नाही. त्याचा गुंजारव पाठीच्या कण्यातून वर चढत नाही. आणि त्याची निवड करायला जाणकार नेता येत नाही, हा दोष सगळ्यांत मोठा.

शेवटची परीक्षा सर्वांत सोपी, म्हणून ती कुणी करत नाही: गाणाऱ्याला गायला सांगावं. आम्ही किमतीवर घासाघीस करत होतो, तेवढ्यात ताई खाली बसली. तिनं आधी एक तंबोरा खांद्याशी घेतला, डोळे मिटून हलकेच षड्ज लावला. मग दुसरा घेतला, पुन्हा षड्ज. दुसऱ्या वेळी तिचा आवाज कुठं संपतो आणि तंबोरा कुठं सुरू होतो ते मला कळेना. कारागीर हसला. त्याला ते दोन्ही तंबोरे आणतानाच माहीत असावं. ताई म्हणाली, "हा."

त्यावर दाजींनी पहिल्याची बाजू घेतली.

अशी कोंडी झाल्यास शास्त्रात एक पळवाट आहे. मैफलीत तंबोरे दोन लागतात, गवयाच्या मागं उजवीकडं एक, डावीकडं एक, आणि ते जुळ्या आवाजाचेच लागतात. कारागीर जोडी म्हणूनच ते बनवतात. आम्ही ज्यांतला फरक शोधत होतो ते मुळात फरक नसावा म्हणूनच बनवले होते, हे कारागिरानं चहा संपल्यावर सांगितलं. बैलजोडीचे जाणकार असल्यामुळं दाजींना ते तात्काळ पटलं. जोडी फोडायची नसते. दोन्ही घेतले.

परतीच्या प्रवासाचे नियम: तारा उतरवून घ्याव्यात, घोडीखाली फडकं सारावं, तंबोरा गोधडीत गुंडाळून तबली वर करून ठेवावा, उन्हात बंद गाडीत सोडू नये. वाटेत कुणी "आत काय आहे?" विचारल्यास "भोपळा" असं उत्तर द्यावं. ते खरं असतं आणि पुढचे प्रश्न वाचतात.

दुसरा तंबोरा घरी आला की तो वाजवणार कोण, हा प्रश्न उरतो. पद्धत अशी: मधल्या बोटानं पंचम, तर्जनीनं पुढच्या तीन तारा, एका संथ चालीनं, ठेक्याकडं अजिबात लक्ष न देता. शेवटचं कलम कठीण. दाजी गेले कित्येक गुरुवार भजनात ताईच्या मागं बसतात आणि भजनी ठेका सुरू झाला की त्यांची तर्जनी टाळासारखी पडू लागते. ताई न वळता फक्त मान ताठ करते. मग तर्जनी पुन्हा संथ होते. एवढं सांगितल्याशिवाय ऐकण्याचं काम दाजींनी उभ्या आयुष्यात दुसऱ्या कुणासाठी केलेलं नाही.

तरीही भजनी मंडळाच्या वतीनं मागच्या तंबोऱ्यासाठी एक अट घातली आहे: मान डोलावायला परवानगी, मधे बोलायला नाही. दाजींनी ती चष्मा लावून वाचली आणि विचारलं, "विलंबित धरून, का नुसतं अभंगापुरतं?"