खानदेशी हवेत सुई किती फिरवावी

हवा आणि इंधन यांचे ठरावीक प्रमाणात मिश्रण करून ते इंजिनाकडे पाठवणारा भाग म्हणजे कार्ब्युरेटर. मात्र मॉडेल विमानाच्या इंजिनात हे प्रमाण ठरवण्याचा अधिकार एका बारीक सुईला, आणि सुई फिरवण्याचा अधिकार मैदानावर हजर असलेल्या प्रत्येकाला असल्यामुळे, भरितात मिरची किती असावी याइतकाच हा प्रश्न जळगाव-धुळ्याकडे कायमचा अनिर्णित राहू शकतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ची मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींवरून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्यामुळे नुसत्या आवाजावरून ‘मिसिंग’ ओळखणारे गॅरेजमधले कान आता रिकामे असून, सल्ला देण्यास सदैव तत्पर आहेत.

छोट्या ग्लो इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. प्लॅटिनमयुक्त तारेची एक गुंडाळी सुरुवातीस बॅटरीने तापवली, की पुढे मिथेनॉलची प्लॅटिनमशी होणारी प्रक्रिया आणि ज्वलनाची उष्णता तिला लाल ठेवतात. या मिथेनॉलमध्ये थोडे नायट्रोमिथेन आणि वंगणासाठी बहुधा एरंडेल असते. ज्या एरंडेलाने वडीलधाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नातवंडांच्या पोटाचा बंदोबस्त केला, त्याने आपला स्वभाव येथेही सोडलेला नाही: त्यातील बराचसा भाग न जळताच मागच्या दाराने बाहेर पडतो आणि विमानाच्या पोटावर चिकट थर धरतो.

सुई आत फिरवली की इंधन कमी होते, यास ‘लीन’ म्हणतात. बाहेर फिरवली की इंधन वाढते, ते ‘रिच’. रिच इंजिन जाड आवाजात घरघरते, भरपूर धूर सोडते, पण टिकते; लीन इंजिन कर्कश किंचाळते, प्रेक्षकांकडून शाबासकी मिळवते आणि वंगणाअभावी तापून बंद पडते. म्हणून पूर्ण वेगावर सर्वांत उंच आवाज सापडेपर्यंत सुई आत न्यावी, मग दोन-तीन खटके बाहेर घ्यावी आणि विमानाचे नाक आकाशाकडे धरून पाहावे: टाकी खाली गेल्याने इंधनाचा पुरवठा थोडा मंदावतो, आणि तेव्हा आवाज किंचित चढला तर मिश्रण ठीक, बसला तर लीन. नेमक्या याच क्षणी मागून “भाऊ, अजून थोडी आत घ्या ना” असा आवाज येतो. तो ऐकू नये, कारण सल्लागारास इंजिन विकत घ्यावे लागत नाही.

हवामानाचेही मत विचारात घ्यावे लागते. थंड हवा दाट असते, तिच्यात प्राणवायू अधिक, म्हणून तिला इंधनही अधिक लागते. त्यामुळे जळगावच्या मे महिन्यातील पंचेचाळीस अंशांत अचूक बसवलेली सुई धुळ्याच्या जानेवारीतील पहाटे, जिथे पारा पुष्कळदा एक आकडी उतरतो, इंजिनास उपाशी ठेवते. ऋतूनुसार स्वेटर बदलणारा मनुष्य सुई मात्र वर्षभर तशीच ठेवतो, हे नवल आहे.

मोठ्या विमानांची गोष्ट याहून विचित्र. १९२८ मध्ये स्थापन झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर वैमानिक घडवतो. प्रशिक्षणाच्या सेस्ना १५२ सारख्या विमानांत कार्ब्युरेटर असतो, आणि इंधनाचे बाष्पीभवन होताना तेथील हवा वीसेक अंशांनी थंड होऊ शकते, इतकी की बाहेर वीस अंश आणि दमट हवा असतानाही त्याच्या गळ्यात बर्फ साचतो. जेथे बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर दिसतो, त्या प्रदेशातील शिकाऊ वैमानिकालाही गरम हवेचा खटका ओढण्याची सवय लावून घ्यावी लागते.

मॉडेलवाल्यांनी दोनच पथ्ये कटाक्षाने पाळावीत. सुई नेहमी पंख्याच्या मागे उभे राहूनच फिरवावी. आणि मिथेनॉलची ज्योत भर उन्हात दिसत नाही, म्हणून इंधन सांडले असेल तर ते पुसेपर्यंत बॅटरी जोडू नये.