४८ आकडे कुठे आहेत?

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेनुसार सकाळी पावणेदहाच्या आत क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट सुटलं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवत ठप्प झाले. बंगळुरूच्या केंपेगौडा विमानतळावर इंडिगो, अकासा, स्पाइसजेटच्या प्रवाशांचं चेक-इन हाताने करायची वेळ आली. उपाय तसा सोपा होता. संगणक सेफ मोडमध्ये उघडायचा, एक फाइल पुसायची, पुन्हा सुरू करायचा. पण डिस्कला बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या एन्क्रिप्शनचं, कुलूप असेल तर आधी ४८ आकड्यांची रिकव्हरी की हवी. आणि ती ज्या सर्व्हरवर नोंदवलेली, तोच निळा पडला असेल तर?

ऑफिसच्या आयटी डॉक्युमेंटेशनमध्ये काय घालावं, याचं उत्तर या प्रश्नात आहे. सगळं ठप्प असताना जे लागेल, ते सर्वात आधी.

बंगळुरूत व्हाइटफील्डपासून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंतच्या ऑफिसांत सर्रास उलटं चालतं. प्रिंटर जोडायचे स्क्रीनशॉटवर स्क्रीनशॉट. मेनू बदलला की ते निकामी, आणि ती माहिती प्रिंटरवाल्याच्या मॅन्युअलमध्ये असतेच. लिंक द्या, पुढे चला. बॅकअप कुठे घेतला जातो हे लिहिलेलं असतं. तो परत उतरवून कोणी, कधी पाहिला, हे नसतं. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा कळलं की रोजचा बॅकअप होतच नव्हता. सहा तास आधी सहज घेतलेल्या एका प्रतीवर निभावलं.

सर्वात मोठी गळती 'का'ची. फायरवॉलमध्ये हे पोर्ट उघडं का, तो जुना सर्व्हर कोणासाठी चालू आहे, हे एकाच माणसाला ठाऊक असतं आणि तो नोटीस पीरियडवर असतो. मग शेवटच्या आठवड्यात घाईघाईने केटी (नॉलेज ट्रान्सफर), आणि कोणी पुन्हा न उघडणारं त्याचं रेकॉर्डिंग. निर्णय घेतला त्याच दिवशी त्याचं कारण दोन ओळींत लिहिलं असतं, तर ही पळापळ टळली असती.

पासवर्ड मात्र पानावर नकोच. तो कुठे ठेवलाय आणि कोणत्या दोघांना उघडता येतो, एवढं पुरे.

सोमवारी एक पान कागदावर छापा: की कुठे, फोन कोणाला, आधी काय सुरू करायचं. वर तारीख घाला. टीममध्ये सर्वात नवा जो असेल त्याच्या हाती द्या, स्वतः गप्प बसा, आणि तो जिथे अडेल तिथे लिहा.