आमेनची घाई

देव आपल्याशी बोलत नाही, अशी तक्रार ख्रिस्ती घरांत अधूनमधून कानी येते. मला तक्रारदारापेक्षा देवाचीच बाजू जास्त पटते. आपली रोजची प्रार्थना ऐकून पाहा. ‘हे प्रेमळ स्वर्गीय पित्या’ झाले की पुढचा सगळा मजकूर तहसील कचेरीतल्या अर्जासारखा : विषय मुलीच्या लग्नाबाबत, संदर्भ मागील विनंत्या, सोबत अमक्या बहिणीच्या सुनेला सुबुद्धी मिळावी म्हणून तिच्या दुर्बुद्धीचा तपशीलवार अहवाल. हा अहवाल देवापेक्षा मागच्या बाकावरच्यांनाच अधिक उपयोगी पडतो. मधूनमधून ‘प्रभू, तुला ठाऊकच आहे’ म्हणायचे आणि जे ठाऊक आहे तेच पुन्हा सांगायचे. शेवटी ‘येशूच्या नावाने मागतो, आमेन’, आणि त्याच श्वासात डोळे उघडून चपला शोधायच्या. यात देवाने तोंड उघडायचे कधी? माझे म्हणणे असे की देवाशी जवळीक वाढते ती ऐकण्याने, आणि ऐकणे हे रोजचे, बरेचसे कंटाळवाणे काम आहे.

पवित्र शास्त्र या बाबतीत आपल्या थोरामोठ्यांची अजिबात भीड ठेवत नाही. शिलो येथे एली याजक मंदिराच्या दाराशी बसलेला असताना हन्ना नुसते ओठ हलवत, आवाज न करता प्रार्थना करत होती. याजकबुवांना वाटले, बाई प्यायली आहे! मूक प्रार्थना इतकी अनोळखी. पुढे तिचाच मुलगा शमुवेल त्या मंदिरात झोपलेला असताना देवाने त्याला हाक मारली, तर पोरगा तीन वेळा उठून एलीकडे धावला आणि पहिल्या दोन वेळा ‘मी नाही बोलावले, जाऊन नीज’ ऐकून परत आला. हाक देवाची आहे हे तिसऱ्या खेपेला एलीच्या ध्यानात आले. शमुवेलच्या आलेच नव्हते. एलीया संदेष्ट्याची गोष्ट तर याहून बहारीची. तो होरेब डोंगरावर गेला, तिथे वारा, भूकंप, अग्नी असा सगळा थाट झाला, पण देव त्यात नव्हता. मग एक मंद, हळू वाणी आली. देवाने विचारले, ‘एलीया, तू इथे काय करतोस?’ एलीयाने वाऱ्याच्या आधी जे गाऱ्हाणे गायले होते, तेच शब्दही न बदलता पुन्हा गायले : मी एकटाच उरलो आहे. देवाने सांत्वन वगैरे केले नाही. तीन जणांना अभिषेक करण्याचे काम हातात दिले आणि जाता जाता सांगितले की बआल दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक इस्राएलात आहेत. एकट्याचे ते एकटेपण सात हजारांनी चुकले होते.

कुणी विचारेल, मग काही मागूच नये की काय? जरूर मागावे. तुमच्या पित्याला तुमच्या गरजा मागण्याआधीच ठाऊक आहेत, असे सांगून येशूने लगेच प्रार्थना शिकवली, आणि तिच्यात रोजची भाकर मागितलेलीच आहे. पण ती प्रार्थना सावकाश म्हटली तरी मिनिटभरात आटोपते. उरलेल्या वेळात काय करायचे, हे आपण कधी मनावर घेतलेले नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ऐकू आलेला आवाज देवाचा कशावरून, आपल्याच मनाचा नसेल कशावरून? शंका रास्त आहे. देवाच्या नावावर स्वतःची मते खपवणाऱ्यांची मंडळीत कधीच टंचाई नसते. माझी कसोटी साधी आहे : आवाज दर वेळी आपल्याच मताला दुजोरा देत असेल तर तो आपलाच. शमुवेलला मिळालेला पहिलाच निरोप त्याच्या गुरूच्या घराण्याच्या नाशाचा होता, आणि तो सांगायला पोर सकाळी घाबरत होते. लक्ष्मीबाई टिळकांचेही तसेच. त्यांचे पती ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. नवरा कवी, वक्ता, समजावून सांगण्यात कुणाला हार न जाणारा. तरी बाईंनी बाप्तिस्मा घेतला तो पुढे पाच वर्षांनी. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना दिसते की जातीपातीचा विटाळ त्यांच्या मनातून गेला तो कुणाच्या प्रवचनाने नव्हे. ही जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाला विचारला आणि गैरसोयीचे उत्तर आले तेव्हा तोंड फिरवले नाही. सोवळ्यात वाढलेल्या बाईला ते उत्तर सुखाचे असणे शक्यच नव्हते, म्हणून मला ते खरे वाटते.

राहता राहिली सबब वेळेची आणि भटकणाऱ्या मनाची. डोळे मिटले की गॅसवरचे दूध आठवते, म्हणे. आठवू द्या. एलीया झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. उठवून भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खायला घातले. वाणी ऐकू आली ती त्यानंतर चाळीस दिवसांनी. तेव्हा दूध उतू जात असेल तर आधी उठून गॅस बंद करावा. फक्त परत येऊन बसावे, आणि आल्या आल्या सुनेच्या विषयाला हात घालू नये.