लाइन क्लिअर

सबंध नोकरीभर मी सूत्री विभाजनाच्या चार अवस्था फळ्यावर काढल्या. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. रंगीत खडूंची गुणसूत्रं मधल्या रेषेवर ओळीने उभी राहायची, मग दोन टोकांना ओढली जायची आणि तेवढ्यात घंटा व्हायची. पोरं आकृती उतरवून घ्यायची, नावं द्यायची, मार्क मिळवायची. पण हे सगळं सुरू कर असं त्या पेशीला सांगतं कोण, हे कुणी विचारलं नाही. बरंच झालं म्हणायचं. मी नोकरीला लागलो तेव्हा उत्तर पुस्तकात नव्हतं, आणि पुस्तकात नसलेल्या प्रश्नावर मास्तर जे करतो तेच मी केलं असतं. गृहपाठाच्या वह्या मागितल्या असत्या.

कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड मात्र दरवर्षी व्हायची. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की पोरं निराश व्हायची. शे-दीडशे पेशींत चार-दोन कुठेतरी विभागताना दिसायच्या, बाकीच्या नुसत्या बसलेल्या. "सर, याच्यात काहीच नाही चालू," अशी तक्रार ठरलेली. मीही मग स्लाइड सरकवून मध्यावस्थेतली एखादी देखणी पेशी शोधून द्यायचो. आता निवृत्तीनंतर रिकाम्या वेळात वाचत बसलो तेव्हा कळलं, की खरी गंमत त्या बसलेल्या पेशींत होती. प्रयोगशाळेत वाढवलेली माणसाची पेशी साधारण चोवीस तासांत एक फेरा पुरा करते. प्रत्यक्ष विभाजनाला त्यातला जेमतेम तासभर लागतो. उरलेला वेळ वाढणं, डीएनएची प्रत काढणं, प्रत तपासणं आणि परवानगीची वाट बघणं.

परवानगीची वाट बघणं म्हणजे काय, हे पुलगावच्या माणसाला शिकवावं लागत नाही. आमचं गाव मुंबई-नागपूर रेल्वेवरचं. इंजिनात दम आहे, ड्रायव्हर बसलेला आहे, फलाटावरचा चहावाला पैसे घेऊन मोकळा झाला आहे, तरी गाडी हलत नाही. पुढच्या स्टेशनाने 'लाइन क्लिअर' दिली पाहिजे. पेशीतलं इंजिन म्हणजे सायक्लिन-अवलंबी किनेज नावाची विकरं. सीडीके म्हणतात त्यांना. काम एवढंच, की दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवायचं. फॉस्फेट चिकटलं की कुणी जागं होतं, कुणी बाजूला सरतं. माणसाच्या शरीरात वीसेक सीडीके आहेत, पण पेशीचक्राचा मुख्य कारभार एक, दोन, चार आणि सहा या क्रमांकांकडे. ही इंजिनं पेशीत कायम असतात. एकट्याने मात्र काही करू शकत नाहीत. सायक्लिन नावाचं प्रथिन येऊन चिकटलं तरच हलतात.

म्हणजे सायक्लिन ही लाइन क्लिअर. यंत्रं बिघडली की स्टेशनमास्तर कागदावर लाइन क्लिअर लिहून देतो, आणि तो कागद त्या एका गाडीपुरताच चालतो. सायक्लिनचंही तसंच. एका टप्प्यापुरतं तयार होतं आणि काम झालं की पेशी त्याचे तुकडे करून टाकते. पुढच्या टप्प्याला नवं सायक्लिन. सुरुवातीला डी, मग ई, मग ए आणि शेवटी विभाजनाच्या दाराशी बी. कागद फाडलेला असल्यामुळे गाडी मागे येऊ शकत नाही. डीएनएची प्रत काढून झालेली पेशी 'थांबा, पुन्हा एकदा काढते' असं म्हणू शकत नाही, आणि देवाची कृपा की म्हणू शकत नाही.

हे कागद फाडणंच आधी सापडलं, ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. १९८२ च्या उन्हाळ्यात टिम हंट नावाचे इंग्रज गृहस्थ अमेरिकेत वुड्स होलला समुद्रकाठी सी-अर्चिनच्या अंड्यांवर काम करत होते. अंडी फलित झाली की कोणकोणती प्रथिनं तयार होतात, एवढंच बघायचं होतं. एक प्रथिन भराभर वाढत गेलं आणि पेशी विभागायच्या सुमारास दिसेनासंच झालं. मग पुन्हा वाढलं, पुन्हा गेलं. एवढ्या मेहनतीने बनवलेली वस्तू कुणी अशी टाकून देतं का? हंटना तिथेच खटकलं. आमच्या घरात रिकामी बरणीसुद्धा टाकली जात नाही. मी असतो तर प्रयोग चुकला म्हणून जेवायला गेलो असतो.

इंजिन शोधलं ते यीस्टवाल्यांनी. लीलंड हार्टवेल यांनी पावाच्या यीस्टमध्ये विभाजन अडकलेले वाण गोळा केले. पॉल नर्स यांनी एडिंबरोत दुसऱ्या एका यीस्टमध्ये असे वाण शोधले, जे पुरते वाढायच्या आतच विभागतात आणि म्हणून बुटके राहतात. त्यांच्यात 'वी-१' हे जनुक बिघडलेलं होतं. वी-१ म्हणजे लाल सिग्नल. सायक्लिन येऊन चिकटलं तरी हा इंजिनाला थोपवून धरतो, आणि पेशी पुरेशी मोठी झाल्यावर सीडीसी-२५ नावाचं विकर तो सिग्नल पाडतं. १९८७ साली नर्स आणि त्यांच्या सहकारी मेलानी ली यांनी तर कमाल केली. इंजिन बिघडलेल्या यीस्टमध्ये त्यांनी माणसाचं जनुक घातलं, आणि यीस्ट मुकाट्याने विभागायला लागलं. माणूस आणि यीस्ट यांची वाट शंभर कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली, तरी सुटा भाग बसला! २००१ चं नोबेल हार्टवेल, हंट आणि नर्स यांना मिळालं. नर्स शाळेत फ्रेंचमध्ये सहा वेळा नापास झाले होते, हे मी वर्गात सांगू शकलो नाही याची हळहळ वाटते. पण सांगितलं नाही तेही ठीकच. आमच्या पोरांनी त्यातलं नोबेल विसरून सहा वेळा तेवढं लक्षात ठेवलं असतं.

या गोष्टीत आपल्या मुलुखाचं काही नाही असं समजून मी पान उलटत होतो, तर मुंबईतलं मुलुंडच निघालं. सह्याद्रीच्या जंगलात डायसॉक्सिलम बायनेक्टारिफेरम नावाचं झाड आहे, कडुनिंबाच्याच कुळातलं. त्यातून रोहितुकिन नावाचं द्रव्य हेक्स्ट कंपनीच्या मुंबईतल्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात काढलं आणि त्यावरून बेतून फ्लॅव्होपिरिडॉल हे औषध बनवलं. पुढे कळलं, की हे औषध थेट सीडीकेचं इंजिन अडवतं. सीडीके रोखणारं, माणसांवर चाचणीला गेलेलं जगातलं पहिलं औषध ते. पण नवी वस्तू असल्यामुळे त्याला इंजिनांमधला फरक कळेना. एक थांबवायला गेलं की चार थांबायची. पेशीचक्राशी संबंध नसलेलं सीडीके-९ तर सगळ्यात आधी. रुग्णालयाच्या नेहमीच्या वापरात ते काही पोचलं नाही. पहिलेपणाचा मान मात्र मुलुंडचा, आणि हा मान वर्तमानपत्रांनी फारसा मिरवला नाही म्हणून मीच मिरवतो.

नेमकी इंजिनं ओळखणारं औषध यायला २०१५ उजाडलं. अमेरिकेत पाल्बोसायक्लिब मंजूर झालं ते स्तनाच्या विशिष्ट प्रकारच्या कर्करोगासाठी. ते फक्त सीडीके-४ आणि ६ यांना धरतं. कर्करोगात दुसरं काय होतं? मागितल्याशिवाय लाइन क्लिअर मिळत राहते.

आमच्या शेजारच्या वहिनींना हीच गोळी सुरू आहे. आधी नागपूर, आता तपासणीपुरतं सेवाग्राम. पहाटेची गाडी धरून जातात, संध्याकाळी येतात आणि आल्या आल्या तुळशीला पाणी घालतात. मी जीवशास्त्राचा, म्हणून त्यांनी एकदा अंगणातूनच विचारलं, "भाऊजी, ते गोळी तीन हप्ते खाची अन् एक हप्ता सुट्टी. गोळीले सुट्टी काहून जी?"

मी सांगितलं, की वहिनी, रक्तातल्या पांढऱ्या पेशींनाही वाढायला हेच इंजिन लागतं. एकवीस दिवस तेही अडतं, म्हणून पुढचे सात दिवस त्यांना भरून यायला मोकळे. मग उत्साहाच्या भरात सायक्लिन डीपासून बीपर्यंत सगळं सांगितलं. वी-१ झाला, सी-अर्चिन झाले, स्टेशनमास्तर आणि फाडलेला कागदही झाला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. वर्गात असं कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही.

"म्हंजे त्या पेशीले नुसतं बसून राहा म्हनाचं," त्या म्हणाल्या.

"हो. मेंदूतल्या तर जन्मभर बसून असतात. जी-शून्य म्हणतात त्या अवस्थेला. यकृतातल्यासुद्धा एरवी बसूनच, पण यकृताचा तुकडा काढला की उठून कामाला लागतात."

"आमच्या आर्वीच्या गाडीवानी," वहिनी म्हणाल्या. "ते बी बसूनच हाय न. पन ते उठन असं वाटत नाई मले."

पुलगाव-आर्वी छोटी लाइन बंद होऊन बराच काळ झाला. रुंद रूळ पाहिजेत अशी मागणी निवडणुकीच्या सुमारास नेमाने वाढते आणि निकाल लागला की दिसेनाशी होते. हंटसाहेबांनी हे वुड्स होलला न जाता पुलगावलाच पाहिलं असतं. वहिनींना मी तसं म्हणालो, तेव्हा हसल्या आणि "बसा, चहा टाकतो" म्हणून आत गेल्या. आमच्याकडे बायकाही 'टाकतो' म्हणतात. पुण्याचा पाहुणा असला की घोटाळा होतो.

एक कोडं मात्र माझं अजून सुटायचं आहे. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या सगळ्यात घाईच्या पेशींपैकी. म्हणूनच केमोथेरपीत केस आधी जातात. माझ्या डोक्यावरच्या मुळांनी पन्नाशीतच आवराआवर केली. तिथली लाइन क्लिअर कुणीतरी कायमची बंद केली. आणि त्याच सुमारास कानांत मात्र भरघोस पीक सुरू झालं. एकाच माणसाचं रक्त, तीच जनुकं, तीच सीडीके, आणि दोन बोटांच्या अंतरावर इतका पक्षपात! पुस्तकं यात हार्मोन्सकडे बोट दाखवतात. मी ते आमच्या न्हाव्याला समजावून सांगितलं, रेल्वेसकट. त्याने कैची थांबवून पूर्ण ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाला, "बरोबर हाय सर. पन कानाचे दहा रुपये येगळे पडतीन."