मुलुंड एंडचा गोलंदाज

दिवाळीच्या चिवड्यातले दाणे आणि काजू वेचून झाले, डब्यात नुसते पोहे उरले, की मुंबईत आयपीएलच्या बातम्यांचा हंगाम सुरू होतो. सामने व्हायचे मार्चअखेरीला. पण सामन्यांत असतं काय? दोन संघ, वीस-वीस षटकं आणि एक निकाल. तोही बहुधा आपल्या मनाविरुद्ध. नोव्हेंबर-डिसेंबरात मात्र ज्याला जो गोलंदाज हवा तो त्याने खुशाल घ्यावा. खऱ्या संघाला पर्स असते. लोकलच्या डब्याला नसते.

आम्ही ठाण्याहून येणाऱ्या स्लो लोकलला मुलुंडला लटकतो आणि घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरीकडे जातो. मुलुंडला बातमीच्या शेवटी ‘म्हणे’ असतं : ‘मुंबई इंडियन्स एका फास्ट बोलरच्या मागे आहे म्हणे.’ भांडुपच्या गर्दीत ते ‘म्हणे’ कुठेतरी गळून पडतं. घाटकोपरच्या जिन्यावर बातमीला कोटींचा आकडा चिकटतो. साकीनाक्याला सह्या होतात, आणि मी चकाल्याला उतरतो तोवर त्या गोलंदाजाची वैद्यकीय तपासणीही पार पडलेली असते.

आमची या पंथावर श्रद्धा बसली ती २६ नोव्हेंबर २०२३ च्या रविवारी. संध्याकाळी संघांच्या अधिकृत याद्या आल्या, त्यात हार्दिक पंड्या गुजरातकडेच. आमच्यासारख्यांची घरोघरी यथेच्छ टिंगल झाली. आणि जेवणं आटोपायच्या आत बातमी फिरली की तो मुंबईकडे आलाय. दुसऱ्या दिवशी शिक्कामोर्तब झालं, कॅमेरॉन ग्रीनला बंगळुरूकडे धाडून पैशांची सोय केली हेही कळलं. तेव्हापासून डब्याचा नियम ठरला : अधिकृत यादीवर विसंबायचं नाही, आणि एखाद्या बातमीचा कुणी इन्कार केला तर ती शंभर टक्के खरी. ऑक्टोबर २०२५ मध्ये रोहित शर्मा कोलकात्याला चालला अशी हूल उठली, तेव्हा मुंबई इंडियन्सने झकास कोटी करून ती उडवून लावली. आमच्या डब्यात ‘कोटी’ एवढंच ऐकू आलं आणि सगळ्यांनी एका सुरात विचारलं, ‘किती?’

या क्षेत्रात माझा एकच प्रतिस्पर्धी. ऑफिसातला बोरिवलीकर. रोहित बोरिवलीत आजी-आजोबांकडे राहून दिनेश लाड सरांच्या हाताखाली तयार झाला. शार्दूल ठाकूर पालघरहून येऊन लाड सरांच्याच शाळेकडून खेळला आणि हॅरिस शील्डच्या सामन्यात एका षटकात सहा षटकार मारून गेला. बोरिवलीकराने यातलं काहीही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण तो बोरिवलीहून गाडी पकडतो, एवढ्या भांडवलावर तो ऑफिसात ‘आतला माणूस’ झालेला. त्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये लखनौकडचा शार्दूल २ कोटींत खरोखरच मुंबईकडे आला आणि बोरिवलीकराचा भाव वधारला. ‘मी सांगत नव्हतो?’ हे त्याने कँटीनपासून लिफ्टपर्यंत सगळ्यांना ऐकवलं. सांगत होता खरा. पण गेली काही वर्षं तो भारतातल्या प्रत्येक मध्यमगती गोलंदाजाबद्दल आळीपाळीने हेच सांगत होता.

मला तेव्हापासून अन्न गोड लागेना. आपल्याकडेही एक आतली बातमी हवी, आणि ती परदेशी गोलंदाजाची हवी, या एका ध्यासाने मला पछाडलं. अडचण गणिताची होती. संघाला एकूण १२५ कोटी खर्चायची मुभा. मुंबईने बुमराह, हार्दिक, सूर्यकुमार, रोहित, बोल्ट असे जुने गडी ठेवून घेतल्यावर पुढच्या लिलावासाठी हाती राहिले २ कोटी ७५ लाख. जागा पाच, त्यात परदेशी एकच. एवढ्यात नामांकित वेगवान गोलंदाज येत नाही हे पाचवीतल्या मुलालाही कळेल. मला कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण आतल्या बातमीचं मोल, ती गणितात बसली नाही की दुपटीने वाढतं.

चकाल्याला आमच्या ऑफिसजवळ एक बडं हॉटेल आहे. त्याचा वॉचमन आणि मी एकाच टपरीवर कटिंग पितो. एके सकाळी तो हळूच म्हणाला, ‘साहब, एक लंबा गोरा आया है. बहुत लंबा. साथ में इतना बडा बॅग.’ आणि त्याने हात ताणून जी लांबी दाखवली, तीत बॅट, पॅड आणि स्टंप सहज मावले असते. माझ्या हातातला ग्लास हिंदकळला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी इस्त्रीचा शर्ट पँटमध्ये नीट खोचून हॉटेलच्या लॉबीत दाखल झालो.

तो कोपऱ्यात कॉफी पीत होता. बसलेलासुद्धा उभ्या माणसाएवढा. खांदे रुंद, मानेवर उन्हाने रापल्याची लाल रेघ, आणि उजव्या हाताची बोटं अशी लांब, की चेंडू त्यांच्यात लिमलेटच्या गोळीएवढा दिसावा. शेजारी ती बॅग. नाव विचारावं असं क्षणभर मनात आलं, पण जगप्रसिद्ध माणसाला नाव विचारणं म्हणजे त्याचा अपमान. मी थेट मुद्द्यालाच हात घातला.

‘यू कम फॉर मुंबई?’

‘येस, फॉर मुंबई,’ तो हसून म्हणाला.

‘हाऊ मेनी इयर्स?’

‘थ्री. मे बी फोर.’

करार तीन वर्षांचा, वर एक वाढीव! मी खुर्ची ओढून बसलोच. वानखेडेला दोन टोकं आहेत, टाटा एंड आणि गरवारे पॅव्हेलियन एंड. हा कुठून टाकणार हे कळलं असतं तर बोरिवलीकर कायमचा गार झाला असता. मी आवाज खाली आणून विचारलं, ‘व्हिच एंड?’

‘गोरेगाव एंड,’ तो म्हणाला.

मी चाट पडलो. मग उलगडा झाला. गुप्त सराव! लोकांच्या नजरा चुकवून गोरेगावला कुठेतरी.

‘अँड देन?’

‘देन मुलुंड एंड.’

माझं मुलुंड! माझा कंठ दाटून आला. त्यातूनही स्वतःला सावरून मी खेळपट्टीविषयी विचारलं. ‘हार्ड. व्हेरी हार्ड रॉक,’ तो गंभीर झाला, ‘बट आफ्टर मान्सून, वॉटर.’ वानखेडेचा इतका नेमका अंदाज मी समालोचकांच्या तोंडूनही ऐकला नव्हता. पुढे तो ‘टेन मीटर’ असं काहीतरी म्हणाला. रनअप, मी मनात टिपून घेतलं. एवढ्या उंच माणसाला आखूड रनअप पुरतो.

त्या संध्याकाळी मी परतीच्या गाडीत घाटकोपरला चढलो तो वार्ताहर म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून. ‘मी बोललोय त्याच्याशी. समोरासमोर.’ डबा शांत झाला. कोण, हे मी सांगितलं नाही, आणि त्याने काही अडलंही नाही. विक्रोळीपर्यंत एकाने त्याला न्यूझीलंडचा केला, कांजूरला दुसऱ्याने दक्षिण आफ्रिकेचा. बेस्टमधून निवृत्त झालेले एक काका तेवढे खिडकीशी गप्प बसून होते. ते म्हणाले, ‘पैसे कुठून आणणार?’ मी म्हटलं, ‘काका, लिलावात तो आला नाही तर अख्ख्या डब्याला वडापाव माझ्याकडून.’ अशी वाक्यं माणूस गर्दीत उभा असला की तोंडातून सुटतात.

दोन दिवसांनी बायको म्हणाली, ‘अहो, खालचा वॉचमन सांगत होता, मुलुंडला बावीस कोटींचा कोणी बोलर येतोय. त्याला म्हणे फ्लॅट हवाय. आपला वरचा भाड्याने द्यायचाय ना?’ मी हर्षभरित झालो. माझ्या बातमीला दुसऱ्या सूत्राकडून दुजोरा मिळाला होता!

सोसायटीच्या चेअरमननी तर कमालच केली. आमच्याकडे डिसेंबरात अंडरआर्म क्रिकेटचे सामने होतात. यंदा उद्घाटन त्याच्याच हस्ते, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. गेटवर फ्लेक्स लागला : ‘आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या वेगवान गोलंदाजाचे मुलुंडनगरीत सहर्ष स्वागत.’ गोलंदाजाचा फोटो कुणाकडेच नव्हता, म्हणून मधोमध चेअरमन हात जोडून उभे, आणि खाली गोल चौकटीत, शुभेच्छुक म्हणून, मी.

पाहुण्याला आणायची जबाबदारी अर्थातच माझी. मी पुन्हा लॉबी गाठली. ‘संडे, मुलुंड, स्मॉल फंक्शन.’ तो इतका खूश झाला की मलाच अवघडल्यासारखं झालं. रविवारी त्याला मुलुंडच्या बाजूला यायचंच होतं, आणि स्थानिक रहिवासी एवढा रस घेतायत याचं त्याला फार कौतुक वाटलं. असं तो जे म्हणाला, त्यातलं ‘संडे ओके’ एवढं मला समजलं.

रविवारी गेटसमोर जीप थांबली. ढोल वाजला. दार उघडलं आणि तो उतरला. अंगात भडक पिवळं जाकीट, डोक्यावर पिवळं हेल्मेट. तिसऱ्या मजल्यावरून एक पोरगं किंचाळलं, ‘अरे, हा तर चेन्नईचा निघाला!’ ढोलवाल्याचा हात हवेतच थांबला.

चेअरमननी शाल-श्रीफळ देऊन वेळ मारून नेली आणि माइक त्याच्या हाती दिला. तो बोलू लागला. आमच्या विंगमधली इंजिनिअरिंगची मुलगी भाषांतर करत होती. पहिल्या दोन वाक्यांनंतर तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी सांगत नाही. बोरिवली नॅशनल पार्कच्या पोटातून ४.७ किलोमीटरचा जुळा बोगदा खणायचा होता. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचं काम. यंत्र गोरेगावकडून घुसणार आणि खिंडीपाड्याला बाहेर पडणार. खडक कठीण, पावसानंतर पाणी, वेग दिवसाला दहा मीटर. त्या लांबलचक बॅगेत मोजणीच्या यंत्राची तिवई होती.

चेअरमन माझ्या कानाशी लागले, ‘४.७ किलोमीटर? रनअप जरा मोठा वाटत नाही?’

मग त्याने उद्घाटनाचा चेंडू टाकला. आयुष्यात पहिल्यांदाच टाकत होता, तो कंपाउंडवरून थेट शेजारच्या सोसायटीत गेला. आमच्या नियमाप्रमाणे चेंडू शेजारी गेला की फलंदाज बाद. गोलंदाजानेच धाडला तर काय, याची तरतूद नियमावलीत नव्हती. त्यावरून दोन विंगांचं जे बिनसलं ते अजून मिटलेलं नाही.

न्यू जर्सीतल्या भाच्याने रात्री फोनवर माझं सांत्वन केलं. तिकडे हिवाळ्यात बेसबॉल बंद असतो आणि लोक असेच पिचरांच्या मागावर असतात. डिसेंबर २०२३ मध्ये शोहेई ओहतानी टोरंटोला चाललाय अशी आवई उठली आणि लोक कॅलिफोर्नियाहून निघालेल्या एका खासगी विमानाचा ठिपका नकाशावर डोळ्यांत तेल घालून बघत बसले. विमान उतरलं. आतून रॉबर्ट हर्जावेक नावाचा कॅनडाचा उद्योगपती बाहेर आला. दुसऱ्या दिवशी ओहतानीने जाहीर केलं : लॉस एंजेलिस डॉजर्स, दहा वर्षं, ७० कोटी डॉलर. ‘मामा, तिथे पत्रकारसुद्धा फसले,’ भाचा म्हणाला. मला बरं वाटलं. पण त्यांच्यापैकी कुणी त्या उद्योगपतीला शाल-श्रीफळ दिलं नव्हतं.

मंगळवारी, १६ डिसेंबरला, अबू धाबीत लिलाव झाला. मी फाइलखाली मोबाइल धरून बसलो होतो. एखादा चमत्कार झाला तर वडापाव वाचणार होते. कोलकात्याने ग्रीनला २५ कोटी २० लाखांना उचललं, मलिंगासारखा हात फिरवणाऱ्या पथिरानाला १८ कोटींना. मुंबईच्या टेबलावर शांतता. मग १ कोटी देऊन त्यांनी क्विंटन डी कॉकला घेतलं आणि परदेशी जागा भरली. डी कॉक यष्टिरक्षक. शेवटी शेवटी, जेव्हा बोरिवलीकरही चहाला निघून गेला होता, तेव्हा मुंबईने ३० लाखांना एक डावखुरा फिरकी गोलंदाज घेतला. अथर्व अंकोलेकर.

परतीच्या गाडीत मी वडापावची पिशवी घेऊन चढलो. बेस्टवाल्या काकांनी आपला वडापाव शांतपणे सोडवला, मिरची बाजूला ठेवली आणि म्हणाले, ‘अथर्व आपल्या अंधेरीचा. याची आई बेस्टमध्ये कंडक्टर. २०१९ ला एकोणीस वर्षांखालच्या आशिया कपची फायनल, कोलंबो. आपले सगळे मिळून १०६. यानं २८ धावांत ५ काढले आणि पाच धावांनी जिंकून दिलं.’ मग माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, ‘बोलर अंधेरीतच होता. तुम्ही फक्त हॉटेल चुकलात.’

मी आता त्या धंद्यातून निवृत्त झालोय. मात्र माझ्या ध्यानात आलंय, की इतक्या वर्षांत एकच बातमी मी कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर ज्याचं काम त्याच्याच तोंडून ऐकली होती. आणि तीही आमच्याच कामाची. तो बोगदा झाला की ७५ मिनिटांचा रस्ता २५ मिनिटांवर येणार असं महापालिका सांगते. मेट्रो बदलण्यापेक्षा मुलुंडकरांना आणखी काय हवं? परवा नाहूरला गाडी रखडली तेव्हा मी घसा साफ करून डब्याला सांगितलं, ‘बोगद्याचं काम गोरेगावकडून सुरू होतंय. मी स्वतः इंजिनिअरशी बोललोय.’

‘किती कोटींना घेतलाय त्याला?’ दारातून कुणीतरी विचारलं.

डबा फिदीफिदी हसला. काकांनी चष्मा वर केला आणि दटावलं, ‘अहो, निदान रस्त्याच्या बाबतीत तरी लोकांत अफवा पसरवू नका.’