नावाचं भाडं कुणाच्या खिशात?

७ डिसेंबर २०२३. लॉस एंजेलिसमध्ये व्हिडिओ गेम्सच्या पुरस्कारांचा सोहळा रंगला होता. वर्षातला सर्वोत्तम गेम म्हणून ‘बाल्डर्स गेट ३’ची घोषणा झाली आणि तो बनवणाऱ्या बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओचे प्रमुख स्वेन विंके अंगावर पोलादी चिलखत चढवून मंचावर आले. ११ डिसेंबरला हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने १,१०० जणांना नारळ देत असल्याचं जाहीर केलं. मधे फक्त चार दिवस.

या दोन बातम्या एकाच धाग्याच्या आहेत. ‘बाल्डर्स गेट ३’ उभा आहे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळावर. तो खेळ १९७४ सालचा, आज मालकी हॅस्ब्रोची. लॅरियनने त्यातली शहरं, राक्षस, देव, जादूचे नियम परवान्यावर घेतले. गेम बनवण्याचा खर्च लॅरियनचा, जोखीम लॅरियनची. हॅस्ब्रोने नाव वापरू दिलं आणि त्या एका वर्षात सुमारे ९ कोटी डॉलर मिळवले.

आणि घरी कोण गेलं? ज्यांना काढलं त्यांत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ सांभाळणाऱ्या विभागातली माणसंही होती. या गेमची पहिली बोलणी ज्यांच्याबरोबर झाली त्यांपैकी जवळपास कुणीच आता तिथे उरलेलं नाही, असं खुद्द विंके यांनी तेव्हा जाहीरपणे म्हटलं.

कंपनी तोट्यात होती, हे खरं. पण तोटा कुठून आला तेही पाहा. हॅस्ब्रोने २०१९ मध्ये सुमारे ४ अब्ज डॉलर मोजून सिनेमा-मालिका बनवणारी एक कंपनी घेतली आणि २०२३ मध्ये तिचा मोठा भाग सुमारे ५० कोटींना विकून टाकला. खेळण्यांची विक्रीही घसरली होती. कमावणाऱ्या विभागातल्या माणसांनी दुसऱ्यांच्या फसलेल्या सौद्याची किंमत मोजली. याला काटकसर म्हणणं मला मान्य नाही. हा अन्याय आहे.

हा धंदा चालतो कसा, ते नीट समजून घेतलं पाहिजे. बोर्ड गेम छापून विकणं कष्टाचं काम. पुठ्ठा, साचे, सोंगट्या, जहाजाचं भाडं, गोदाम, दुकानदाराचं कमिशन, आणि एवढं करून माल पडून राहिला तर डोक्याला ताप. परवान्यात यातलं काहीच नाही. करार होतो, मुदत ठरते, किमान रकमेची हमी घेतली जाते आणि विक्रीवर टक्केवारी लागते. गेम चालला तर टक्केवारी, आपटला तरी हमीची रक्कम पदरात. खर्च काय, तर वकील आणि ‘आमच्या राक्षसाला शिंगं अशी नसतात’ हे तपासून सांगणारी चार माणसं.

विकलं जातं ते नाव आणि त्या नावामागचं जग. नियमांवर कॉपीराइट नसतो. म्हणूनच आपल्याकडे दोन-तीन पिढ्या मे महिन्याच्या सुट्टीत ‘व्यापार’ खेळल्या, मुंबई-दिल्ली विकत घेत राहिल्या. खेळाची घडण मात्र ‘मोनोपॉली’चीच होती. नियम कुणीही उचलावेत. ‘मोनोपॉली’ हे नाव आणि तो मिशीवाला म्हातारा उचलायचा तर हॅस्ब्रोच्या दारात जावं लागतं. स्कोपली ही मोबाइल गेमवाली कंपनी गेली, ‘मोनोपॉली गो’ काढला आणि २०२४ या एका वर्षात हॅस्ब्रोला त्यातून ११ कोटी डॉलरांहून जास्त मिळाले.

पण ‘मोनोपॉली’चं मूळ शोधत गेलं की एक बाई भेटते. एलिझाबेथ मॅगी. जमीनदारीतून मूठभर लोक कसे गबर होतात आणि बाकीचे कसे कंगाल होतात, हे लोकांना कळावं म्हणून तिने ‘लँडलॉर्ड्स गेम’ रचला आणि १९०४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तो खेळ हातोहात फिरत, बदलत चार्ल्स डॅरो नावाच्या माणसापर्यंत पोचला. त्याने १९३५ मध्ये तो पार्कर ब्रदर्स कंपनीला विकला, रॉयल्टी घेतली आणि लक्षाधीश झाला. पेटंट आड येऊ नये म्हणून कंपनीने मॅगीलाही गाठलं. ५०० डॉलर. रॉयल्टी नाही. १९४० च्या अमेरिकन जनगणनेत तिने व्यवसायाच्या रकान्यात ‘खेळ बनवणारी’ असं लिहिलं आणि उत्पन्नाच्या रकान्यात शून्य.

ते शून्य हाच माझा मुद्दा आहे. नावाला किंमत येते ती कुणाच्या तरी डोक्यातून आणि हातातून. कुणी नकाशा काढतो, कुणी राक्षसाचं चित्र, कुणी शंभर रात्री नियम घासूनपुसून घेतो. त्या माणसाला एकदाच पैसे देऊन मोकळं व्हायचं आणि नाव मात्र पन्नास वर्षं भाड्याने लावायचं, हा व्यवहार कायद्यात बसेल, न्यायात बसत नाही. ‘पगार दिला ना?’ असं विचारतात. दिला. पण पगार होता खेळ बनवण्याचा. त्या खेळाचा पुढे सिनेमा होईल, मोबाइल गेम होईल, टी-शर्ट निघतील, हे पगार ठरवताना कुणाच्या हिशेबात होतं?

खेळणाऱ्यांचंही देणं आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चं जग पन्नास वर्षं जिवंत ठेवलं ते घराघरांतल्या टेबलांनी आणि त्यावर स्वतःची पुस्तकं काढणाऱ्या छोट्या लेखक-प्रकाशकांनी. त्यांना २००० सालापासून खुला परवाना होता. जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला : साडेसात लाख डॉलरांच्या वरच्या उत्पन्नावर २५ टक्के रॉयल्टी. नफ्यावर नव्हे, उत्पन्नावर! खेळाडू खवळले, कंपनीच्या संकेतस्थळाची वर्गणी धडाधड बंद करू लागले. महिना संपायच्या आत कंपनीला माघार घ्यावी लागली आणि खेळाचे मूळ नियम कायमचे सर्वांसाठी खुले करावे लागले. एकी केली की कंपनी ऐकते, हे त्या महिन्यात सिद्ध झालं.

‘धंदा असाच चालतो’ म्हणणाऱ्यांनी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमकडे पाहावं. ‘वॉरहॅमर’ हा रंगवायच्या छोट्या सैनिकांचा खेळ काढणारी गेम्स वर्कशॉप तिथली. ही कंपनी आपल्या नावाबाबत कमालीची कडक आहे. चाहत्यांनी काढलेल्या फिल्म्सनाही तिने बंदी घातली, आणि ते मला पटत नाही. पण २०२४-२५ मध्ये परवान्यांतून ५ कोटी २५ लाख पौंड आले, आदल्या वर्षी ३ कोटी १० लाख होते. आणि त्या वर्षीच्या नफ्यातले २ कोटी पौंड कंपनीने कर्मचाऱ्यांत समान वाटले. दुकानात रंगाच्या बाटल्या विकणाऱ्याला आणि साहेबाला तेवढेच. कंपनी बुडाली नाही. उलट डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या शेअर बाजारातल्या पहिल्या शंभरांत जाऊन बसली.

जर्मनीत खेळ रचणाऱ्यांनी हा प्रश्न आधीच हातात घेतला. १९८८ च्या न्यूरेंबर्ग खेळणी मेळ्यात काही जण बिअरचे पेले टेकवत बसले होते. पेल्याखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर त्यांनी लिहिलं : पेटीवर आमचं नाव छापलं नाही, तर खेळ देणार नाही. खाली सह्या केल्या. तीन वर्षांनी त्यांची संघटना उभी राहिली. आज कुठल्याही बऱ्या बोर्ड गेमच्या पेटीवर लेखकाचं नाव असतं, पुस्तकावर असतं तसं.

आणि कायद्याने हे होत नाही, असं आपण तरी म्हणू नये. २०१२ मध्ये भारताने कॉपीराइट कायदा बदलला. सिनेमाचं गीत, संगीत, पटकथा लिहिणाऱ्याने हक्क निर्मात्याला विकले, तरी थिएटरबाहेरच्या वापराची रॉयल्टी त्याला सोडून देता येत नाही. ‘सोडली’ अशी सही घेतली, तरी ती सही बाद. अडलेल्या माणसाकडून काहीही लिहून घेता येतं, हे संसदेने ओळखलं. खेळ रचणाऱ्यालाही तेच संरक्षण हवं.

आपल्याकडे आता तरुण मुलं-मुली बोर्ड गेम्स रचू लागली आहेत. त्यांना कळकळीने सांगतो : करारात ‘सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी’ असं दिसलं की पेन खाली ठेवा. पेटीवर नाव मागा. खेळाचा सिनेमा झाला, मोबाइल गेम झाला, तर किती टक्के ते आत्ताच लिहून घ्या. ठरावीक वर्षांत खेळ पुन्हा छापला नाही, तर हक्क परत येतील हे कलम घाला. प्रकाशक ‘असं कुणीच मागत नाही’ म्हणेल. मग मागणारे पहिले तुम्ही व्हा, आणि एकेकट्याने नको, दहा जण मिळून मागा.