एक शून्य पुसा, गुरुजी

वडीगोद्रीला माणूस उतरतो तो पुढची गाडी धरायला. धुळे-सोलापूर महामार्गाने संभाजीनगरहून बीडकडे निघालात की पाचोड मागे पडतं, आणि शहागडचा गोदावरीवरचा पूल यायच्या आत आमचं गाव येतं. अंबड-जालन्याचा रस्ता इथंच फुटतो. जालन्याहून आलेला इथं उतरतो, बीडला जाणारा इथं चढतो आणि मधल्या वेळात दोघंही चहा पितात. अशा गावात, तेही ऐन मध्यभागी, म्हाताऱ्या माणसांनी कायमच्या मुक्कामाला यावं असं संकुल उभं करायची कल्पना ज्या डोक्यात आली, ते डोकं माझं. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेलं.

झालं असं, की पुण्याला मुलाकडे गेलो असताना त्याच्या मित्राच्या आईला भेटायला परांजप्यांच्या ‘अथश्री’त जाणं झालं. न्हाणीघरात धरायला दांडे, तयार जेवण, संध्याकाळी गप्पांचा फड. माझ्याहून वयानं बऱ्याच मोठ्या एका आजोबांनी मला कॅरममध्ये धुतलं आणि वर चहाही पाजला. परतीच्या एसटीत मी वहीच्या पाठीमागे वडीगोद्रीच्या संकुलाचा नकाशा काढला. चौक, बाक, औदुंबर. खोल्या नंतर सुचल्या.

पुढचे काही दिवस मी अभ्यास केला. निवृत्त मास्तर अभ्यासाला लागला की घरच्यांनी सावध व्हावं. महारेराने मे 2024 मध्ये ज्येष्ठांच्या संकुलांसाठी आदर्श नियम काढले आहेत, ते मुलाकडून मागवले. दार किमान 900 मिलिमीटर रुंद हवं, लिफ्टमध्ये चाकाची खुर्ची गेली पाहिजे, न्हाणीत न घसरणारी फरशी आणि आधाराचे दांडे हवेत. मी टेप घेऊन आमच्याच घराची मापं काढली. मोरीचं दार दोन फूट. म्हणजे 600 मिलिमीटरच्या थोडं वर. त्यातून आमची ही गेली तीस वर्षं हंडा-कळशीसकट जाते आहे, हे मी वहीत लिहिलं नाही.

‘मध्यभागी’ या शब्दावर मात्र मी अडून बसलो होतो. अशी संकुलं पुष्कळदा गावाबाहेर, ‘निसर्गरम्य परिसरात’ असल्याची जाहिरात असते. म्हाताऱ्या माणसाचा निसर्ग बघून झालेला असतो. आमच्याकडे तर त्याने तो जन्मभर औत धरून बघितलेला असतो. त्याला आता बघायचं असतं ते कोण कुणाच्या गाडीवरून गेलं, कुणाचा पोरगा कोणत्या गाडीतून उतरला, मोसंबीला पाचोडला काय भाव फुटला. तो स्टँडपासून लांब टाकला की आठवड्यात कोमेजतो. हे माझं मत अजूनही तेच आहे.

अडचण जागेची. गावाबाहेर फुकट द्यायला दोघं तयार झाले. एकाची जागा स्मशानभूमीला लागून होती. ‘तुमच्या लोकांची पुढची सोय होईल,’ असं तो अगदी मनापासून म्हणाला. गायरानाचं तर कुणी नावही काढू दिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालापासून गावाच्या सामाईक जमिनीला हात लावायचा म्हणजे घरी नोटीस बोलावून घेण्यासारखं. आणि चौकातल्या जागेचा भाव ऐकला तेव्हा मला पहिल्यांदा आधाराच्या दांड्याचं महत्त्व कळलं.

ग्रामसभेचे नियमही मी पाठ करून ठेवले होते. गणपूर्तीला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांतला कमी आकडा. सभा तहकूब झाली तर पुढच्या वेळी गणपूर्ती लागत नाही. मी दुसऱ्या सभेवरच भिस्त ठेवून होतो. पण एक जुना विद्यार्थी म्हणाला, ‘सर, आधी पारावर बोला. नाहीतर डायरेक्ट उपोषणाला बसा.’ त्याचंही खरं होतं. 2023 मध्ये शेजारची अंतरवाली सराटी आणि 2024 मध्ये आमची वडीगोद्री, दोन्ही गावं उपोषणांनी देशभर गाजली. दोन्हीकडे मंडप पडले, कॅमेरे आले, मंत्री आले. पण मला रक्तदाबाची गोळी जेवणानंतर घ्यायची असते. मी पार निवडला.

पारावर मी तासभर बोललो. फळा नव्हता, तरी हात फळ्यावर लिहिल्यासारखे चालत होते. बोलून झाल्यावर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक आबा उठले. ‘गुरुजी, मला काहून कोंडून घालू राहिले? 2022 पासून पंचाहत्तरीच्या वरच्याला एसटी फुकट आहे. मी घरी सापडतो का तुम्हाला?’ आणि खरोखरच ते सापडत नाहीत. सकाळी फाट्यावर उभे राहतात, पैठण म्हणू नका, गेवराई म्हणू नका, जी गाडी थांबेल तीत चढतात आणि दिवे लागायला परत येतात. कुणाला भेटायला नव्हे, नुसते बसायला. माझ्या संकुलात जे जे मिळणार होतं, म्हणजे खिडकी, सोबत, बातम्या आणि भांडायला माणूस, ते सगळं त्यांना महामंडळ देत होतं, आणि तेही राज्याच्या हद्दीपर्यंत.

मग दर निघाला. मी हिशेब करून आणला होता: जेवण, खोली, रात्रीची नर्स, आठवड्यातून डॉक्टर, मिळून माणशी महिन्याला 15,000. पुण्याच्या मानाने स्वस्तच, असं मी म्हणालो. पारावर शांतता पसरली. शेवटी मागून एक आवाज आला, ‘श्रावणबाळचे 1500 मिळतात आमाला. एक शून्य पुसा, गुरुजी, आमी समदे येतो.’ शून्याची किंमत मी या गावाच्या दोन पिढ्यांना शिकवली. ती मला पारावर उभं करून परत विचारली गेली. मी मनातल्या मनात गावातले पेन्शनवाले मोजले. ज्यांना हे परवडेल अशांची यादी माझ्यापासून सुरू होऊन लवकरच संपत होती. म्हणजे मी गावासाठी जे मागत होतो, ते बहुतेक स्वतःसाठीच होतं.

कायदा सांगून सावरायला गेलो. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात राज्यांनी टप्प्याटप्प्याने जिल्ह्याला निदान एक, 150 निराधारांची सोय होईल असा वृद्धाश्रम काढायची तरतूद आहे. ‘निराधार कोण?’ आबांनी विचारलं. कुणीच हात वर केला नाही. मुलाचा वर्षभर फोन न आलेले तिघं माझ्या समोर बसले होते. त्यांनीही नाही.

सभा मोडल्यावर एक आजी थांबल्या. आमच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल घेतलेली असते, त्यामुळे जावंच लागतं. मागे उरतात म्हातारी माणसं आणि नातवंडं. ‘माह्याकडं तीन लेकरं हायेत,’ आजी म्हणाल्या. ‘तुमच्या बिल्डिंगीत ती घेता का?’ माझ्या नियमावलीत अट होती, वय साठच्या पुढे. धाकटा तीन वर्षांचा होता. मी म्हटलं, लेकरांचं बघू, पण तिथं तुम्हाला सांभाळायला बाई असेल. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ‘बाईला पगार किती?’ मी म्हणालो, धरा बारा हजार. ‘मंग मलाच ठिवा की त्या कामावर!’

बातमी आमच्या गावात रस्त्याने जात नाही, आधीच पोहोचलेली असते. संध्याकाळी माझ्या दारात बाया जमल्या, साठीच्या, पासष्टीच्या, एक तर सत्तरीची. सगळ्या कामाला यायला तयार. संकुलात राहायला एकही माणूस नव्हता, सांभाळायला रांग होती. पुष्कळजणींचे गुडघे माझ्यापेक्षा बरे होते.

आणि ज्याची मला कल्पना नव्हती ते पुढे घडलं. मी मला ठेवायला वृद्धाश्रम शोधतो आहे, असं गोदावरीच्या पलीकडे पोहोचलं. गेवराईहून धाकटी बहीण शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन आली, आल्या आल्या रडली आणि मग पुण्याला सुनेला फोन लावून तिची खरडपट्टी काढली. ‘माझ्या दादाला घास जड झाला का तुम्हाला?’ बिचारी सून मीटिंगमध्ये होती. तिला वाटलं मी गेलोच. मुलगा रात्री गाडी काढून आला. आमची ही एवढंच म्हणाली, ‘अहो, तुम्ही व्हा पुढं. मी इथंच बरी आहे. घर मोठं होईल.’

संकुल झालं नाही. होईल असं वाटतही नाही. निदान 15,000 वालं नाही. गावाच्या मध्यभागी दिवसा बसायची एक खोली, एक गरम जेवण आणि पगारावर ठेवलेल्या दोन धडधाकट आज्या, एवढं कुणी केलं तर ते चालेल, आणि नातवंडंही त्यातच सांभाळली जातील. तो हिशेब मी पुन्हा मांडतो आहे, या वेळी आजींना शेजारी बसवून. त्या बेरीज माझ्याहून जलद करतात.

मुलाने मात्र परत जायच्या आधी मोरीत दांडा बसवून घेतला. तुमच्याही घरात साठीच्या पुढचं माणूस असेल तर उद्याच बसवा. गवंड्याला बजावून सांगा, साध्या स्क्रूवर भागवू नको, चांगले लांब फास्टनर ठोक. म्हातारं माणूस दांडा नुसता धरत नाही, त्याला लटकतं.